मदत हवी आहे: पवना जलाशयालगतच्या प्लॉटिंगमध्ये शोषखड्डे, पावसाचे पाणी आणि पाणथळ पट्टा

नमस्कार.

मावळ तालुक्यात पवना धरणाच्या जलाशयालगत एक बिगरशेती प्लॉट घेण्याचा आमच्या कुटुंबाचा विचार आहे. रेखांकनात तीसएक प्लॉट आहेत. साठेखत अद्याप झालेले नाही आणि ते होण्यापूर्वी सांडपाण्याचा व निचऱ्याचा प्रश्न नीट समजून घ्यावा, असे मला वाटते. स्थापत्य, भूजल किंवा ग्रामीण स्वच्छतेच्या क्षेत्रात काम केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जागा पूर्वीच्या भातखाचरांची असून डोंगराकडून पाण्याकडे उतरती आहे. रस्त्यासाठी केलेल्या खोदाईत थर स्पष्ट दिसतात: वर हातभर माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि छातीइतक्या खोलीवर काळा कातळ. मे महिन्यात हा मुरूम इतका कोरडा होता की बादलीभर पाणी ओतले तरी ते बघता बघता जिरत होते. परंतु शेजारच्या खाचराचे मालक असलेले काका म्हणाले, "आषाढात हितं हातभर खड्डा खांदा, पाणी आपसूक वर येतंय." त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, कारण डोंगरावर मुरलेले पाणी कातळावर अडून मुरमातून खाली सरकते आणि उताराच्या पायथ्याशी उपळ होऊन फुटते.

विकसकाचा प्रस्ताव असा, की प्रत्येक प्लॉटधारकाने आपापला सेप्टिक टँक व शोषखड्डा बांधावा. त्यासाठी त्यांनी झिरपा चाचणीचा, म्हणजे खड्ड्यात भरलेले पाणी किती वेगाने जिरते याच्या मोजणीचा, अहवाल दाखवला, पण तो उन्हाळ्यातला आहे. सेप्टिक टँकविषयीच्या भारतीय मानक २४७० नुसार पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास ३० मिनिटांपर्यंत वेळ लागत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मिनिटे लागत असतील तर पाझरचर (सांडपाणी जमिनीत पसरवून जिरवणारे खडी भरलेले उथळ चर) करावे लागतात आणि त्याहून जास्त वेळ लागत असेल तर निराळी गाळण व्यवस्था लागते. त्याच मानकात भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल तर शोषखड्डा न करता पाझरचर अंशतः किंवा पूर्णतः जमिनीच्या वर भराव करून बांधावेत, असे सांगितले आहे. म्हणजे अहवालातील झिरपण्याचा वेग कितीही चांगला असला, तरी जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत चढते हे पाहिल्याशिवाय त्या अहवालाला अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे. ते बरोबर आहे का?

हा मुद्दा मला इतका महत्त्वाचा वाटतो, कारण सेप्टिक टँकमध्ये मैला फक्त खाली बसतो व अंशतः कुजतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू, नायट्रोजन आणि फॉस्फरस शिल्लकच असतात. ते पाणी खऱ्या अर्थाने शुद्ध होते ते खालच्या कोरड्या, हवा खेळत्या मातीत. ती मातीच पाण्याने भरलेली असेल, किंवा पाणी थेट कातळाच्या भेगांत शिरत असेल, तर विहिरीपासून १८ मीटर अंतर राखण्याच्या नियमाचाही कितपत भरवसा धरावा? रेखांकनाच्या खालच्या बाजूस गावाची विहीर आहे, आणि पवनेतून सोडलेले पाणी पुढे रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड शहरासाठी उचलले जाते. सांडपाण्यातील अशाच नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसून खाली शहरात या नदीवर उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी सर्वांनी पाहिली आहे. तीच गत वरच्या जलाशयाची होण्यात आपल्या घराचा वाटा असावा, हे मनाला पटत नाही.

दुसरा प्रश्न पाणथळ पट्ट्याचा. सर्वांत खालच्या प्लॉटच्या पलीकडे लव्हाळ्याने भरलेली ओलसर जागा आहे. डोंगरावरून येणारा ओढा तिच्यात पसरतो आणि मग जलाशयाला मिळतो, त्यामुळे गाळ तिथेच बसतो. रेखांकनात तिथे भराव टाकून बगीचा करण्याचे आणि ओढ्याचे पाणी पाइपातून थेट जलाशयात सोडण्याचे दाखवले आहे. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांतून भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, त्यामुळे या पट्ट्याला त्या नियमांचे संरक्षण मिळेल का, याविषयी मी साशंक आहे. मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार खासगी मालकी सिद्ध न झालेले नैसर्गिक ओढे-नाले शासनाचे असतात. मग गावनकाशावर दिसणारा हा ओढा वळवण्यास किंवा बुजवण्यास परवानगी कोणाची लागते, आणि ती घेतली आहे की नाही हे तहसील कार्यालयात पाहावे की पाटबंधारे खात्यात?

पर्याय म्हणून सर्व प्लॉटधारकांनी मिळून एकच व्यवस्था करावी, असे मी सुचवू इच्छितो: प्रत्येक घरी फक्त गाळ बसवणारी टाकी, तिथून पाइपने एका सामाईक गाळणीपर्यंत आणि पुढे खडीच्या वाफ्यात लावलेल्या कर्दळीतून. यात एक अडचण दिसते. ही घरे बहुतेक सुट्टीपुरती वापरली जाणार. आठवडाभर सांडपाणी नाही आणि शनिवार-रविवारी पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर वीस-पंचवीस पाहुण्यांचा भार, अशा वापरात विजेवर चालणाऱ्या शुद्धीकरण संयंत्रातील जिवाणू तग धरत नाहीत, असे ऐकले आहे. वाफ्याची पद्धत अशा चढउतारात टिकते का? मावळच्या पावसात तो वाफा भरून वाहू नये म्हणून काय करतात? कोणी प्रत्यक्ष चालवला असल्यास त्याचा अनुभव मला पुस्तकी माहितीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शेवटी, पावसाळ्यात निरीक्षणासाठी सच्छिद्र पाइप पुरून पाण्याची पातळी मोजून देणारे भूजलतज्ज्ञ या भागात कोणाकडून मिळू शकतील, आणि त्या मोजणीचा निकाल येईपर्यंत साठेखत लांबवणे शक्य नसल्यास त्यात कोणती अट घालून घ्यावी, हेही कृपया सांगावे. महारेराच्या संकेतस्थळावरील मंजूर रेखांकन आणि गटाचा मोजणी नकाशा माझ्याकडे आहे. कोणास पाहायचा असल्यास गट क्रमांक व नावे झाकून येथे देईन.