मदत हवी आहे: झॅबिक्स या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्विचचं तापमान ५८३! अलार्म किती अंशांवर लावू?

मंडळी, नागपुरातल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क मी एकटाच बघतो. गच्चीच्या जिन्याखाली भिंतीवर सहा यूचं (सहा खणांच्या उंचीचं) रॅक आहे. डोक्यावर स्लॅब, खिडकी नाही, एसी तर सोडाच. त्यात २४ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीजही देणारा) आणि त्याच्या खाली यूपीएस. सगळे कॅमेरे या एकाच स्विचवर.

नवतपा लागला आणि दुपारी दोन-अडीचला स्विच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मी वर पोचेपर्यंत सगळे दिवे हिरवे. शाखाधिकारी मॅडम म्हणतात, "सर, तुम्हाला बघितलं की तो बरा होतो." लॉग (स्विचने ठेवलेल्या नोंदी) बघावा तर तो मेमरीतला, रीस्टार्टबरोबर पुसलेला. परवा पंख्याची जाळी काढली, तर धुळीचा थर पापडासारखा अख्खा सुटून हातात आला. त्यानंतर एकदाच बंद पडला, पण भरवसा नाही.

म्हणून जुन्या पीसीवर झॅबिक्स टाकलं. एंटिटी सेन्सर एमआयबीमधून (स्विचमधल्या सेन्सरच्या आकड्यांचा तक्ता) एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणाची माहिती विचारायची पद्धत) तापमान घेतो, ते ५८३ येतं. कमांड दिली की स्विच ५८ सांगतो, आणि रॅकबाहेर टांगलेला थर्मामीटर ४४. माहितीपत्रकात मर्यादा ४५ लिहिली आहे. मग ५८ म्हणजे गेलाच की हा! गंमत म्हणून ५५ वर अलार्म लावला, तर एका रात्रीत सदतीस मेल. काय करू?

तारेवरची_कसरत: ५८३ म्हणजे ५८.३. त्या एमआयबीत आकड्याशेजारी प्रिसिजनचं (दशांश स्थळं किती, त्याचं) वेगळं खातं असतं. तिथे १ असेल तर दशांश चिन्ह एक घर डावीकडे. झॅबिक्सच्या प्रीप्रोसेसिंगमध्ये (आकडा साठवण्याआधीच्या पायरीत) ०.१ ने गुणा. माहितीपत्रकातले ४५ हे भोवतालच्या हवेचे, सेन्सर आतल्या बोर्डावरचा. दोन्ही एका तराजूत घालू नका. आतल्या सेन्सरची धोक्याची पातळी बरेच स्विच त्याच कमांडमध्ये दाखवतात. तिच्या दहा अंश खाली इशारा लावा. आणि तुमचा ४४ चा थर्मामीटर बाहेर आहे. रॅकच्या आत ४५ कधीच ओलांडले असणार, खरी काळजी त्याची करा.

जुना_लाइनमन: सदतीस मेल म्हणजे वाचन ५५ च्या आसपास झुलतंय. एका वाचनावर अलार्म नको. दहा मिनिटांतलं सगळ्यात कमी वाचन पातळीच्या वर असेल तरच वाजू दे, आणि शांत होण्याची पातळी तीन अंश खाली ठेवा. पंख्याची स्थिती आणि अपटाइमही (स्विच किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) घ्या. अपटाइम शून्यावर आला की रीस्टार्ट कळतो. (तो आकडा ३२ बिटांचा आहे, ४९७ दिवसांनी आपोआप शून्य होतो, तेव्हा घाबरू नका.) लॉग त्याच पीसीवर सिसलॉगने (नोंदी नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवायची सोय) पाठवा. पण आधी तो यूपीएस बाहेर काढा राव! खालून शेगडी पेटवून वर तापमान काय मोजताय?

धागाकर्ता: ०.१ ने गुणलं, ५८.३ आलं. धोक्याची पातळी ७५ निघाली, इशारा ६५ वर लावला. आज सकाळी यूपीएस जमिनीवर स्टुलावर ठेवला आणि रॅकचं दार काढून टाकलं. दुपारी अडीचला ५१. मेल एकही नाही. दार काढलं म्हणून मॅडम नाराज आहेत, कारण आता उंदीर शिरतील. जाळीचं दार कुठे मिळेल, इतवारीत की सीताबर्डीला?