पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, काढले तरी परत येतात. मदत हवी आहे

घरचा संगणक विंडोज १० चा, पेन ड्राइव्ह १६ जीबीचा. झेरॉक्सच्या दुकानातून प्रवेशाचे कागद प्रिंट करून आणल्यापासून प्रत्येक फोल्डरवर बाणाची खूण दिसतेय आणि आकार १-२ केबी. डबल क्लिक केलं की फोल्डर नीट उघडतो. शॉर्टकट डिलीट केले, पेन ड्राइव्ह काढून परत लावला, की पुन्हा हजर. दुसरा कोरा ड्राइव्ह लावला, त्यातही तेच. डिफेंडरच्या (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसच्या) क्विक स्कॅनला काहीच सापडत नाही. मुलीचे दाखले त्यातच आहेत. फॉरमॅट करावं लागेल का?

प्रतिसाद १

फॉरमॅट करू नका, दाखले बहुतेक सुखरूप आहेत. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. वापरलेली जागा पूर्वीइतकीच असेल तर फाइल्स आतच आहेत, फक्त लपवल्या आहेत.

तुमचा कोरा ड्राइव्हही बिघडला, म्हणजे रोग आता संगणकात आहे. त्यामुळे आधी संगणक, मग पेन ड्राइव्ह. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात, म्हणून शॉर्टकट परत येतात. आणि त्या शॉर्टकटवर आता एकदाही डबल क्लिक नको. तो आधी व्हायरसची स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालवतो, मग खरा फोल्डर उघडून दाखवतो, त्यामुळे संशय येत नाही.

दोन्ही ड्राइव्ह काढून ठेवा. टास्क मॅनेजरच्या (चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या खिडकीच्या) डिटेल्समध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाची प्रक्रिया दिसली तर ती बंद करा. ती विंडोजचीच आहे, पण घरच्या संगणकावर सतत चालू असण्याचं सहसा कारण नसतं. मग स्टार्टअप टॅब, टास्क शेड्यूलर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) आणि ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमधलं रोमिंग फोल्डर तपासा. अगम्य नावाची, व्हीबीएस किंवा जेएस एक्स्टेन्शनची (म्हणजे स्क्रिप्टची) फाइल असेल तर तीच मूळ. स्टार्टअपमधली नोंद काढून फाइल उडवा.

आता डिफेंडर अपडेट करा आणि स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने व्हायरसला लपायला वाव राहत नाही.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर, आणि ती महत्त्वाची. स्कॅनला काही सापडत नसेल तर डिफेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडा. काही व्हायरस तिथे अख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवतात, मग कितीही स्कॅन केलं तरी तो भाग वगळलाच जातो. तुम्ही स्वतः न टाकलेली प्रत्येक नोंद काढा आणि मगच स्कॅन करा.

दुसरं म्हणजे, फुल स्कॅनमध्येही पेन ड्राइव्ह आपोआप धरला जात नाही. ड्राइव्ह लावल्यावर त्यावर राइट क्लिक करून वेगळा स्कॅन करावा लागतो.

फाइल्स परत दिसण्यासाठी: प्रॉपर्टीजमधला 'हिडन'चा चौकोन करडा पडलेला असतो, कारण 'सिस्टिम'चा शिक्काही मारलेला असतो. म्हणून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) लागतो. ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाकून एंटर दाबा. मग 'ॲट्रिब' (ए, टी, टी, आर, आय, बी), त्यापुढे वजा एच, वजा आर, वजा एस, नंतर तिरपी रेघ (/) एस, तिरपी रेघ (/) डी. प्रत्येक तुकड्याआधी स्पेस हवी. आधी खात्री करा की तुम्ही पेन ड्राइव्हवरच आहात. सी ड्राइव्हवर ही आज्ञा चुकूनही देऊ नका.

प्रश्नकर्ती

धन्यवाद. एक्सक्लूजन्समध्ये खरंच सी ड्राइव्ह होता! तो काढल्यावर ऑफलाइन स्कॅनने दोन फाइल्स पकडल्या. ॲट्रिब चालवल्यावर पेन ड्राइव्हमध्ये नाव नसलेला एक फोल्डर दिसतोय. तो उडवू का?

प्रतिसाद १

नाही, थांबा! काही प्रकारांत सगळ्या फाइल्स त्याच बिननावाच्या फोल्डरमध्ये हलवलेल्या असतात. नाव रिकामं नसतं, न दिसणाऱ्या स्पेसचं असतं. दाखले आणि फोटो संगणकावर घ्या. शॉर्टकट, व्हीबीएस, ईएक्सई काही घेऊ नका. सगळं उघडून बघितल्यावर ड्राइव्ह फॉरमॅट करा, आता हरकत नाही. दुसरा ड्राइव्हही.

बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पुढच्या वेळी झेरॉक्सला जाताना फक्त प्रिंटची पीडीएफ असलेला वेगळा छोटा ड्राइव्ह न्या, आणि घरी आल्यावर तो उघडण्याआधी स्कॅन करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा तुमच्या संगणकावर ११ चालतं का तेही बघून घ्या.