शब्दचर्चा: ‘राखीव’ म्हणावं की ‘आरक्षित’?

नांदेड: पॉलिटेक्निकच्या लेकरांसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स मराठीत लिहायलोय. ‘इफ’, ‘फॉर’, ‘क्लास’ ही नावं व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या नावाच्या डब्याला) देता येत नाहीत. यांना मराठीत काय म्हणावं, आरक्षित की राखीव? जुन्या नोट्समध्ये ‘लिस्ट’ अन् ‘सम’ही याच यादीत आहेत.

परभणी: ‘राखीव’ घ्या सर. आरक्षण म्हणलं की वर्ग भलत्याच वादात शिरतो. गायरानात गुरं सगळ्यांची चरतात, पण सातबारा कोणाच्या नावानं निघत नाही, तसे हे शब्द.

यादी मात्र दुरुस्त करा. ‘लिस्ट’ राखीव नाही, ते अंगभूत नाव, म्हणजे पायथननं आधीच तयार दिलेलं. ‘लिस्ट = [४, ७]’ लिहिलं तर पायथन हूं की चूं करत नाही. पुढं कुठंतरी ‘लिस्ट("लातूर")’ लिहिलं की टाइपएरर (चुकीच्या प्रकारची वस्तू वापरल्याची तक्रार) येतो, अन् लेकरू त्याच ओळीत चूक शोधत बसतं. चूक वर असते. ‘डेल लिस्ट’ केलं की मूळचं नाव परत मिळतं. ‘क्लास = ५’ लिहा बरं, प्रोग्राम सुरूच होणार नाही, सिंटॅक्सएरर, म्हणजे वाक्यरचनेचीच चूक. म्हणूनच लोक ‘क्लास’च्या शेवटी अंडरस्कोर लावून काम भागवतात.

छत्रपती संभाजीनगर: यादी कोणत्या आवृत्तीची तेही लिहा. पायथन २ मध्ये ‘ट्रू = फॉल्स’ बिनदिक्कत चालायचं! २००८ च्या पायथन ३ नं ते बंद केलं. ‘प्रिंट’चं उलटं झालं: आधी राखीव, आता साधं फंक्शन. ‘असिंक’ २०१८ मध्ये ३.७ पासून राखीव झालं, तेव्हा ते नाव आधीपासून वापरणाऱ्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) मोडल्या.

बीड: कीवर्ड (भाषेत ठरलेलं काम असलेला शब्द) अन् राखीव शब्द (नाव म्हणून देता न येणारा) एकच धरू नका. जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत ‘गोटू’ राखीव आहे, पण त्याला काम काहीच नाही. पायथन ३.१० मधलं ‘मॅच’ कीवर्ड आहे, तरी व्हेरिएबलला ते नाव चालतं. जुन्या प्रोग्रामांत ‘मॅच’ नावाचे व्हेरिएबल ढीगभर, ते मोडायचे नव्हते. फोर्ट्रान या जुन्या भाषेत तर राखीव शब्दच नाहीत, ‘इफ’ नावाचाही व्हेरिएबल होतो.

नांदेड: मग ‘मॅच’ला काय म्हणू? ‘सौम्य कीवर्ड’?

बीड: नको हो, खोकल्याचं औषध वाटतं. ‘प्रसंगी कीवर्ड’ लिहा.