ऑफिसनं खाल्लेली संध्याकाळ : तुमचे अनुभव सांगा

गेल्या गुरुवारी शिवाजी मंदिरला साडेसातच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढली होती, आईचं आणि माझं. तिकिटं आईकडे. ती डोंबिवलीहून एकटी निघून वेळेआधी दादरला पोचली. मी बीकेसीत अकाउंट्सला आहे. पावणेसहाला लॅपटॉप मिटला, डबा पिशवीत टाकला, आणि साहेब दारात. "जरा पाच मिनिटं." ती पाच मिनिटं सव्वासातपर्यंत चालली. विषय काय, तर तक्त्यातल्या एका रकान्याचा रंग. वरच्या साहेबांना पिवळा खुपतो म्हणून फिका निळा केला. तो बघून पुन्हा पिवळा केला.

मे 2025 पासून भुयारी मेट्रो दादरपर्यंत जाते, त्यामुळे शेअर रिक्षानं कुर्ला आणि तिथून लोकल ही वरात तरी वाचली. तरीही मी पोचले तेव्हा तिसरी घंटा होऊन बराच वेळ झाला होता. आई आत गेलीच नव्हती. पायऱ्यांच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन उभी-बसली करत होती. तिकिटं मुठीत धरून धरून घामानं मऊ पडली होती. "तू नसताना आत जाऊन काय करू," एवढंच म्हणाली. डोअरकीपरनं टॉर्चचा उजेड पायाशी धरून आम्हाला रांगेपर्यंत नेलं. मध्यंतरात बटाटेवडा खाताना पहिल्या अंकात काय झालं असेल, ते आईनं स्वतःच रचून सांगितलं.

मला हे फार लागलं. सिनेमा पुन्हा बघता येतो, वेब सिरीज मागे नेता येते. नाटकातलं माणूस ते वाक्य त्या दिवशी एकदाच बोलतं. म्हणून विचारतेय, तुमच्या ऑफिसनं, बँकेनं, ड्युटीनं तुमचं काय हुकवलं? आणि दमून आल्यावर तुम्ही काय बघता, काय ऐकता? मतं बिनधास्त मांडा. भांडण झालं तरी चालेल, प्रेमानं करूया.

*

मी बँकेत कॅशला, शाखा गिरगावात. 2024 सालचा 31 मार्च रविवारी आला होता, आठवतंय? सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा त्या दिवशी उघड्या ठेवायच्या होत्या. रविवार गेलाच, त्यात संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाचशे कमी. सगळ्या गड्ड्या पुन्हा मोजल्या, व्हाउचरं पुन्हा लावली. शेवटी शिपाईमामांनी नोटा मोजायचं मशीन उचललं, तर खालच्या फटीत दुमडलेली नोट. घरी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. सासूबाई महाएपिसोड बघत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, मागच्या रविवारपासून ती जिन्यावरच उभी आहे."

माझं ठाम मत आहे की मालिकेला ठरलेला शेवट हवा. 1999 मध्ये 'आभाळमाया' सुरू झाली तेव्हा आम्ही चाळीत राहायचो. सगळ्यांची दारं उघडी, सगळीकडे तेच शीर्षकगीत. तळमजल्यावरून निघालं की तिसऱ्या मजल्यावर घरी पोचेपर्यंत दारादारातून पूर्ण गाणं ऐकून व्हायचं, एक ओळ चुकायची नाही. तसं मन लावून बघणं आता होत नाही, आणि दोष बघणाऱ्यांचा नाही.

*

रात्री अकराला ग्रुपवर "सर्वांनी कन्फर्म करा" येतं. काय कन्फर्म करायचं ते सकाळी कळतं. मी हल्ली दहाला फोन स्वयंपाकघरात ठेवून रेडिओ लावते. जुनी भावगीतं. झोप लागते.

*

नाटकाचं वाचून वाईट वाटलं, ताई. आमची संध्याकाळ नाही, सकाळ जाते. मी परळला एका रुग्णालयात नर्स आहे. नाइट संपते आठला, पण रिलिव्हर आली नाही तर हँडओव्हर देणार कुणाला? पेशंट सोडून निघता येत नाही आणि निघूही नये. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. जागा रिकाम्या आहेत, त्या भरत नाहीत, आणि दर वेळी "सिस्टर, तेवढं ॲडजस्ट करा ना." गणपतीतली रजा दोन वर्षं अशीच ॲडजस्ट झाली.

मागच्या डिसेंबरात सलग नाइट संपल्यावर मी आणि मैत्रीण घरी न जाता सरळ मराठा मंदिरला गेलो. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' 20 ऑक्टोबर 1995 ला लागला. लॉकडाउन सोडलं तर मुंबई सेंट्रलसमोरच्या या थिएटरात तो तेव्हापासून आहेच. साडेअकराचा खेळ. मैत्रीण मध्यंतराआधीच माझ्या खांद्यावर झोपली. मी जागी राहिले, कारण शेवट मला बघायचाच असतो. तो स्टेशनवरचा प्रसंग आपट्याला चित्रित झालाय, आणि माझं आजोळ त्याच बाजूला. पडद्यावर पंजाब असतो, मला मात्र आजीकडे जायचा फलाट दिसतो. लहानपणी तिथे उतरलं की करवंदांच्या द्रोणासाठी मी हट्ट धरायचे.

आता मत सांगते, चाहत्यांनी रागावू नये. सिमरननं बाबांच्या "जा" म्हणण्यासाठी इतका वेळ थांबायला नको होतं. धावत्या गाडीत चढताना हात देणारं कुणीतरी लागतं, हे कबूल. पण आमच्या लेडीज डब्यात अनोळखी बायका रोज तो हात देतात, कुणाच्या परवानगीशिवाय.

*

सिमरनच्या बाबतीत शंभर टक्के सहमत.

मी मालाडला आयटीत आहे, क्लायंट अमेरिकेतला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि आमचा साडेआठचा कॉल साडेनऊला सरकतो, तो थेट मार्चपर्यंत. त्यामुळे मला सिनेमा संध्याकाळी सातलाच परवडतो, आणि मराठी सिनेमाला नेमका तोच खेळ मिळत नाही. 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्ससाठी मराठी सिनेमाचा प्राइम टाइम दुपारी 12 ते रात्री 9 असा ठरवला. दुपारी सव्वातीनचा खेळ त्यात बसतो हो, पण मंगळवारी सव्वातीनला येणार कोण? आम्ही सगळे डेस्कवर. मग सिनेमा आठवड्यात उतरतो आणि म्हणतात मराठी माणूस मराठी सिनेमा बघत नाही. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. लालबागच्या भारतमातेत बाबांचं बोट धरून मी मराठी सिनेमे बघितलेत, खुर्चीवर उभा राहून. बघायची इच्छा आहे, साहेब. वेळ द्या.

*

पालिकेच्या शाळेत शिक्षक. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, कार्यक्रमाचे फोटो अपलोड करा, ते दिसत नाहीत म्हणून पुन्हा करा. शिकवणं या सगळ्याच्या मधल्या फटीत.

पण गॅदरिंगबद्दल बोलतो. मुलांना 'झिंगाट'च हवं असतं. 'सैराट' 2016 ला आला तेव्हा ही चौथीची पोरं पाळण्यात होती, तरी ढोल वाजला की एकेकाच्या अंगात येतं. दरवर्षी स्टाफरूममध्ये वाद होतो, काहीतरी संस्कारी बसवा म्हणून. मी मुलांच्या बाजूचा. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, हजेरीलाही मान हलवून "हजर" सांगते. तालमीत ती आपण होऊन पहिल्या रांगेत येऊन उभी राहिली, ओढणी कमरेला खोचून. तिचं नाव मी यादीतून काढणार नाही, कुणी काहीही म्हणो.

*

कल्याण फास्टमध्ये ठाण्याला एकदाची चौथी सीट मिळते, ती मिळाली की मी सिरीज लावतो. घरचे म्हणतात, अशी तुकड्या-तुकड्यांत काय बघतोस. मला तेवढीच मिळते. एकच विनंती, हेडफोन लावा. दोन रील्स आणि एक बातमी एकाच वेळी कानात शिरली की सगळ्यांचाच प्रवास नासतो.

*

पुन्हा मीच, नाटकवाली. सगळं आईला वाचून दाखवलं. नर्सताईंची रजा तिला फार लागली, आणि शाळेतल्या मुलीचं तिनं दोनदा वाचायला लावलं. आम्ही त्याच नाटकाची तिकिटं पुन्हा काढलीत, येत्या रविवारी दुपारी चारची. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक आहे. आई म्हणाली, साडेबाराला निघू, जेवण दादरला करू, आणि तू तो फोन घरीच ठेव.