मोत्याला डाव्या बाजूचं दिसंना झालंय, परत येईल काय?

निपाणीकर:
तीन आठवड्यांमागं हायवेवर आमच्या मोत्याला मोटारसायकलनं उडवलं, डोक्याला मार लागला, जीव वाचला पण डावीकडचं दिसंना झालंय. दाराच्या डाव्या चौकटीला धडकतोय, भाकरी कुस्करून दूध घातलं की ताटलीतली उजवी बाजू चाटूनपुसून साफ अन् डावी तशीच, ताटली फिरवली की मग तेबी खातोय. डॉक्टर म्हणाले डोळे चांगले हायत, मेंदूला मार हाय. नजर परत येतीय काय ओ? आई रोज विचारतीय.

खानापूरचा कंपाउंडर:
डॉक्टर बरोबर बोललेत. टॉर्च मारली की बाहुली बारीक होत असेल बघा, त्या कामाला मेंदूचा मागचा भाग लागतच नाही. मार उजव्या बाजूला असणार, कुत्र्याच्या डोळ्यातले बहुतेक तंतू पलीकडं जातात. नुसती सूज असेल तर ती उतरेल तसं दिसू लागतं. पेशी मेल्या असतील तर त्या काय परत येत नाहीत.

टिळकवाडी:
पेशी नाही आल्या तरी नजर थोडी येऊ शकते, मी झूऑलॉजी शिकवतो म्हणून सांगतोय. १९६५ मध्ये केंब्रिजला हेलन नावाच्या माकडिणीच्या मेंदूतला बघायचा भाग काढला, सगळ्यांनी तिला आंधळीच धरली. तिथले संशोधक निकोलस हम्फ्री तिच्याशी खेळत राहिले, पट्टा लावून बाहेर फिरवलं, अन् काही वर्षांत ती अडथळे चुकवत जमिनीवरचे मनुके टिपायला लागली. वस्तू ओळखणं मात्र कधी जमलं नाही. मेंदूच्या मध्यात नजरेची एक जुनी वाट असते, तिच्यावर हे चालतं. १९६६ मध्ये स्प्रेग नावाच्या शास्त्रज्ञानी तर अशा एका बाजूनं आंधळ्या मांजरांच्या त्याच मध्यातला, पण मेंदूला इजा होती त्याच्या पलीकडच्या बाजूचा तुकडा काढला, तर गेलेली बाजू परत दिसू लागली! म्हणजे वाट शाबूत होती, दाबली गेली होती. पुढं २०१५ मध्ये ऑपरेशन न करता, एकाच जागी एकाच वेळी आवाज अन् उजेड देऊन, काही आठवड्यांत मांजरं त्या बाजूला वळायला लागली. तुम्ही पण डावीकडनं घुंगरू वाजवत तिथंच भाकरीचा तुकडा धरा, रोज, थोडा थोडा वेळ.

निपाणीकर:
आज बैलाचं घुंगरू वाजवलं, दुसऱ्यांदा मान वळवली की हो! पण दिसून वळवली का ऐकून, कळंना.

खानापूरचा कंपाउंडर:
डावीकडनं कापसाचा बोळा सोडा, पडताना आवाज होत नाही. त्याच्यामागं मान फिरली की समजा दिसलं.