म्हाळुंग, मातुलुंग की मातुलिंग?

(उत्तरं देणारे दोघे कोल्हापूरकर, आपापल्या भागाच्या नावानं.)

प्रश्न : कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं वर्णन दोन ठिकाणी वाचलं. एकीकडे उजव्या खालच्या हातात ‘म्हाळुंग’, दुसरीकडे त्याच हातात ‘मातुलिंग’. मातुलिंग म्हणजे तर आपल्या देवळात वरच्या मजल्यावर आहे ते शिवलिंग ना? मग हातात काय आहे?

मंगळवार पेठ : फळ. संस्कृत शब्द मातुलुंग, त्याचंच मराठीत म्हाळुंग झालं. महाळुंग असंही लिहितात. लिंबाच्या जातीचं, पण चांगलं मोठं, खडबडीत नि जाड सालीचं. वरच्या शिवलिंगाचं नाव कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी, त्यामुळं छापताना ‘लुं’चा ‘लिं’ होतो. शिवाय एरवी देवी साडी-दागिन्यांत असते, हात कुठं नीट दिसतात? कॅलेंडरवर कमळ घेतलेली लक्ष्मी बघून काहीजण तेच इथंही धरून चालतात.

रंकाळाकाठ : याला पोथीचा आधार आहे. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीच्या शेवटी ‘रहस्य’ नावाची तीन प्रकरणं येतात, त्यातल्या प्राधानिक रहस्यात : ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती । नागं लिङ्गं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि ॥’ आपली मूर्ती याच वर्णनाची. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र. लिंग आहे, पण ते मस्तकावर.

प्रश्नकर्ता : म्हणजे ही विष्णुपत्नी लक्ष्मी नव्हे?

रंकाळाकाठ : त्याच रहस्यात तिला ‘सर्वस्याद्या महालक्ष्मी’ म्हटलंय. सगळ्यांच्या आधीची, त्रिगुणा म्हणजे सत्त्व, रज, तम हे तिन्ही गुण असलेली. महाकाली आणि महासरस्वती तिच्यापासून झाल्या, आणि देवळात दोघींचे गाभारे तिच्या दोन बाजूंना आहेतच. मागे वाहन म्हणून सिंह आहे. म्हणून ‘महालक्ष्मी’ हे नाव चूक नाही, त्याचा लावलेला अर्थ चुकतो. ‘अंबाबाई की महालक्ष्मी’ हा वाद घालणाऱ्यांनी आधी एकदा हा श्लोक वाचावा, एवढंच माझं म्हणणं.

मंगळवार पेठ : पटलं. तरी आम्ही अंबाबाईच म्हणणार. मोगलाईत मूर्ती लपवून ठेवलेली होती, १७१५ साली विजयादशमीला छत्रपती संभाजी महाराजांच्या (करवीर म्हणजे कोल्हापूरच्या गादीचे, शिवपुत्र नव्हे, हा घोळही नेहमीचा) काळात ती परत देवळात बसली. तेव्हापासून पेठांनी तिला आईच मानलंय, विष्णूची बायको म्हणून कोण हाक मारतंय?

प्रश्नकर्ता : ‘खेट’चा आपल्या जोतिबाच्या खेट्यांशी काही संबंध?

मंगळवार पेठ : काही नाही. माघातल्या रविवारी चालत जातो ते खेटे, म्हणजे हेलपाटे. इथलं खेट म्हणजे ढाल. मूर्तिशास्त्रात खेटक म्हणतात.

रंकाळाकाठ : आणि कुणी विचारण्याआधी सांगतो, पानपात्रातलं पान विड्याचं नव्हे. पान म्हणजे पिणं. महिषासुराला मारण्याआधी देवी त्याला सुनावते, ‘गर्ज गर्ज क्षणं मूढ मधु यावत्पिबाम्यहम्’. मूर्खा, माझं मधु पिऊन होईपर्यंत गरजून घे. हातातलं भांडं पिण्याचंच आहे, पानदान नव्हे.