कॉलेजातली 'न कळणारी' कला जिन्यात टांगावी का?

पंचगंगाकाठ: आमच्या कलाविभागाच्या पोरांचं प्रदर्शन दरवर्षी वरच्या हॉलमध्ये भरतं. बघायला कोण? तीच पोरं, त्यांचे सर आणि सेल्फीपुरते पाहुणे. यंदा एकीनं मांडणशिल्प केलंय. सुंभाची जाड दोरी, पुराच्या पाण्याच्या फुटामागं एक अशा ५५ गाठी, ४३वी तेवढी लाल. तिच्या वरच्या गाठींना पुराचा चिखल पिऊन फुगलेल्या वह्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ ला ते ५५ च्या वर गेलं, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला लागतंय? मग ही दोरी कॉमर्सच्या जिन्यात टांगली तर बिघडलं कुठं?

गंगावेस_कट्टा: बिघडतंय भावा. मागं एकानं मोडक्या खुर्च्या पोर्चमध्ये रचल्या होत्या, सकाळी झाडणाऱ्या मावशींनी भंगारात काढल्या. चूक कुणाची? द्युशाँ नावाच्या फ्रेंच कलाकारानं १९१७ ला मुतारी कला म्हणून पुढं केली, आपण अजून त्याच मोरीत.

पंचगंगाकाठ: ती मुतारी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनवाल्यांनीही मांडू दिली नव्हती. मावशी एकट्या नाहीत! बाकी बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, सिनेमाची पोस्टरं केली. कोल्हापूरची कला गर्दीतच वाढली की.

रंगपेटी: पडदा बघायला लोक तिकीट काढून बसत होते हो. जिन्यात कुणाला प्रॅक्टिकलची घाई, कुणाला बस गाठायची. शाहू स्मारकच्या दालनात शिरलेला माणूस आपसूक हळू बोलतो, ते थांबणं कलेला लागतं. आणि मला खरा खटकतो तो 'लोकांपर्यंत नेऊया' हा सूर. लोकांनी मागितलंय का? वर्गणीची पावती फाडल्यासारखी कला अंगावर टाकायची!

गंगावेस_कट्टा: पावतीचं झक्कास. आणि खाली चिठ्ठी चिकटवणार, 'अस्तित्वाचा अवकाश' वगैरे. ती वाचून तर येणारा पण पळतोय.

पंचगंगाकाठ: चिठ्ठीचं मान्य. या दोरीला चिठ्ठी लावायचीच नाही.

तिसरी_गल्ली: मी कॉमर्सचाच. तीन वर्षांत वरच्या हॉलला गेलो नाही, चप्पल बाहेर काढायची का आत न्यायची हेच कळत नाही. ४३ झालं की आमच्यात सामान माळ्यावर चढतं. दोरीला हात लावला तर चालेल का?

पंचगंगाकाठ: दोरीला लाव की. वह्यांची पानं सुटायला लागलीत, त्यांचं जिनं हे केलंय तिला विचारून सांगतो.